आत्याची एक ओळ

आमच्या घरात भांडण पेटलं की सगळे आत्याची वाट बघायचे. ती यायची, पिशवी खुंटीला लावायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि भिंतीला टेकून ऐकत बसायची. माझे वडील आणि काका एकाच वेळी बोलायचे. आई स्वयंपाकघरातून मधूनच एखादं वाक्य भिरकावायची आणि पुन्हा भांड्यांत गुंग झाल्याचं दाखवायची. सगळ्यांचा दम संपला की आत्या म्हणायची, "म्हणजे असं ठरलं, की..." आणि एकच वाक्य सांगायची. त्या वाक्यात कुणाचंच म्हणणं पूर्ण नसायचं, पण भांडण मिटायचं. आम्ही पोरं त्याला आत्याचा ठराव म्हणायचो. टीव्हीचा रिमोट कुणाकडे, खिडकीजवळ कोण झोपणार, इथपर्यंतचे ठराव तिने केलेले आहेत.

तिच्या स्वतःच्या लग्नाचा ठराव मात्र कुणी केला नाही. त्याबद्दल घरात इतकी मतं होती की त्या गडबडीत लग्नच राहून गेलं. असं तीच सांगायची आणि हसायची. मला त्या हसण्याचा कंटाळा यायचा, कारण त्यानंतर ती हमखास उठून चहाचे कप विसळायला जायची.

ठराव करण्याची ही सवय तिच्या नोकरीतली. एकतीस वर्षं ती एका मोठ्या इस्पितळात टायपिस्ट होती. तिची खोली तळघरात होती. दोन लोखंडी कपाटं, एक कुरकुरणारा पंखा, आणि छताला लागून एक आडवी खिडकी, जिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. आत्या डॉक्टरांना बुटांवरून ओळखायची. कोण घाईत आहे, कुणाच्या टाचा झिजल्यात, कोण आज लंगडतंय, तिला सगळं ठाऊक. वरच्या मजल्यावर समोरासमोर भेट झाली तर म्हणे ती आधी खाली बघायची आणि मग नमस्कार करायची.

तिचं खरं काम बुधवारचं. दर बुधवारी अकरा वाजता तिसऱ्या मजल्यावर तज्ज्ञांची बैठक भरायची. पोटातल्या बाळात सोनोग्राफीला काही दोष दिसला की त्या बाईचे कागद या बैठकीकडे यायचे, कुठून कुठून यायचे. बाई स्वतः तिथे नसायची. कागदावर तिचं नावही नसायचं, फक्त क्रमांक. लांब टेबलाभोवती डॉक्टर बसायचे, भिंतीवर चित्रं दिसायची, वाद व्हायचे, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून आत्या शॉर्टहँडमध्ये सगळं टिपून घ्यायची. मग तळघरात येऊन प्रत्येक क्रमांकाचा एक कागद टाइप करायची. त्या कागदावर छापील चौकटी होत्या. शेवटची चौकट 'समितीचा निर्णय'. ती बोटभर उंचीची. एक ओळ मावायची, फार तर दीड.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने एका कागदावर दोन्ही बाजूंची मतं लिहिली होती, चौकटीच्या बाहेर, समासात बारीक टाइप करून. त्या कागदाचे आईबाप दोन दिवस इस्पितळाच्या जिन्यात बसून राहिले. त्यांना काही ठरवताच येईना. बैठकीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी तिला बोलावून शांतपणे समजावलं की आमची भांडणं आमच्यापाशी, त्या बिचाऱ्यांना एक ओळ द्या. आत्याने कानाला खडा लावला. ती याला दया समजायची. आणि खरं सांगायचं तर त्यात दया होतीही, हे मी आज कबूल करते. तेव्हा केलं नसतं.

त्या टेबलावरच्या चौघांना तिने घरगुती नावं ठेवली होती. पोटातल्या बाळावर सुईने उपचार करणारे ते सुईवाले. जन्मानंतर लहान मुलांची शस्त्रक्रिया करणारे, आणि कशालाही आधी थांबा म्हणणारे, ते थांबावाले. मूत्रपिंडाच्या डॉक्टर त्या गाळणीबाई. नवजात बाळांना काचेच्या पेटीत सांभाळणारे ते काचपेटीवाले. जेवताना ती त्यांच्या गमती सांगायची. सुईवाले आणि थांबावाले एकमेकांना पाण्यात बघतात, पण चहा एकाच थर्मासमधला पितात, वगैरे. कुठल्या बाळाबद्दल मात्र कधी चकार शब्द काढायची नाही.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. आमचं एक बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही तोंडाला कुलूप लावलं. पाचवा महिना लागला तरी माहेरी सांगितलं नव्हतं. मग सोनोग्राफी झाली. तपासणाऱ्या बाई आधी गप्पा मारत होत्या, मग एकदम गप्प झाल्या. ती शांतता मला अजून ऐकू येते.

त्यांनी आम्हाला कागदावर चित्र काढून सांगितलं. बाळाची लघवीची पिशवी फुगली होती. तिच्या तोंडाशी काहीतरी आडवं आलं होतं, एखादा पातळ पडदा असावा. लघवी बाहेर पडत नव्हती, उलटी मूत्रपिंडांकडे तुंबत होती. आणि बाळाभोवतीचं पाणी या महिन्यांत मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं, ते कमी होत चाललं होतं. त्या पाण्यावरच बाळाची फुप्फुसं वाढतात. पाणी आटलं तर बाळ जन्मतं, पण त्याला श्वास घेता येत नाही. मला भीती वाटायच्या आधी हसू आलं, कारण एवढा सगळा जीव लघवीवर चालतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग घरी येऊन मी न्हाणीघरात बसून रडले.

आमचे कागद त्या इस्पितळाकडे पाठवले गेले. आत्या तिथे आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी तिला सांगितलं नाही. तिला सांगणं म्हणजे वडिलांना सांगणं, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला लाज वाटते. मला वाटलं, ती टाइप करते, तिला यातलं काय कळणार. आमचा क्रमांक होता एकशे चौदा.

गुरुवारी संध्याकाळी नवऱ्याने इस्पितळाच्या खिडकीवरून पाकीट आणलं. शेवटच्या चौकटीत लिहिलं होतं: सद्यःस्थितीत उपचाराची आवश्यकता नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करावी.

आमचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याने ती ओळ तीनदा मोठ्याने वाचली. एवढे तज्ज्ञ एका टेबलाभोवती बसून एकमुखाने सांगतात म्हणजे काळजीचं कारण नाही, असं त्याचं गणित. त्याच्या धंद्यात दोन माणसांचं एका आवाजावर एकमत झालं तरी नवल असतं. शुक्रवारी त्याने शेजाऱ्यांना सांगितलं, सासूबाईंना फोन केला. शनिवारी आम्ही आतल्या खोलीतली अडगळ काढून भिंतीला रंग दिला. बाळाला आम्ही 'पाहुणा' म्हणायला लागलो. पाहुण्याला हा रंग आवडेल का, पाहुणा रात्री झोपू देईल का, असं दिवसभर चाललं होतं. लग्नानंतरच्या सहा वर्षांत आमच्या घरात इतकी बडबड कधी झाली नव्हती.

रविवारी दुपारी मी आत्याकडे गेले. आता सांगायला हरकत नव्हती, कागद हातात होता. आधी बातमी सांगितली. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिचे डोळे भरून आले. मग मी म्हटलं, मध्ये जरा घोळ झाला होता, पण तुमच्याच इस्पितळाने निस्तरला, आणि कागद तिच्यापुढे केला. तिने चष्मा लावला. हा चष्मा मीच तिला करून दिलेला. तिने क्रमांक वाचला, शेवटची चौकट वाचली, आणि पुन्हा क्रमांक वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला, उठली आणि चहाचे कप विसळायला गेली. आम्ही चहा अजून घेतलाच नव्हता.

ती बराच वेळ पाणी सोडून उभी होती. मी उठून तिच्या मागे गेले तर म्हणाली, "बस तिथे. वही आणते."

शॉर्टहँडची वही ती पिशवीतून घरी आणायची, कारण तिचं ते लिखाण तिच्याशिवाय कुणालाच वाचता येत नसे, अध्यक्षांनाही नाही. ती माझ्यासमोर बसली आणि बुधवारचं पान काढून सपाट आवाजात वाचायला लागली. सुईवाले म्हणाले होते, एकशे चौदामध्ये पाणी अजून आहे पण उतरतंय, आजच बाळाची लघवी सुईने काढून तपासावी, दोन दिवसांनी पुन्हा तपासावी, आकडे बरे असतील तर पिशवीत नळी बसवावी, म्हणजे तुंबलेलं सगळं बाहेरच्या पाण्यात उतरेल. थांबावाले म्हणाले होते, नळ्या सरकतात, पाण्याची पिशवी फुटते, चांगलं चाललेलं बाळ वेळेआधी येतं. थांबा, जन्मानंतर मी पडदा काढतो. गाळणीबाई म्हणाल्या होत्या, मूत्रपिंडं आताच पांढरट दिसताहेत, नळीने बाळ वाचेल पण मूत्रपिंडं वाचतील असं मला कुणी दाखवलेलं नाही, आईबापांना हे स्पष्ट सांगा, पुढे जायचं की नाही हेही त्यांना विचारा. काचपेटीवाले म्हणाले होते, मूत्रपिंडांचं नंतर बघता येतं, फुप्फुसांचं येत नाही. पाणी संपल्यावर बाळ माझ्या हातात दिलंत तर मी काहीही करू शकणार नाही.

एवढ्यात अध्यक्षांना शस्त्रक्रियेच्या खोलीतून बोलावणं आलं. ते निष्कर्ष न सांगताच उठले. एक वाजत आला होता, सगळ्यांना भूक लागली होती. थांबावाले कागद गोळा करता करता म्हणाले, बघू, दोन आठवडे जाऊ देत. ते शेवटचं वाक्य.

आत्या खाली आली तेव्हा चौकट रिकामी होती. ती म्हणाली, असं वर्षातून पाचसहा वेळा व्हायचंच. अशा वेळी ती शेवटच्या वाक्यावरून ओळ बेतायची आणि अध्यक्ष दुसऱ्या दिवशी तीसचाळीस कागदांवर न वाचता सह्या करायचे. कधी कुणी हरकत घेतली नव्हती. ओळ नेहमी नीट असायची, व्याकरण शुद्ध असायचं.

मी विचारलं, "म्हणजे ही ओळ कुणीच म्हटलेली नाही?"

"मी म्हटली," ती म्हणाली. "एकशे चौदा तू आहेस हे मला ठाऊक नव्हतं. पण ते सांगून काय उपयोग, कुणीतरी असणारच होतं."

मला तिचा इतका राग आला की मी चपला घालताना पट्टासुद्धा लावला नाही. कुणावर तरी राग काढायचा होता आणि तिने स्वतःला पुढे केलं होतं. मी तिला नको ते बोलले. इतकी वर्षं अशाच ओळी लिहिल्यास का, किती जणींच्या पोटांवर लिहिल्यास, असं बोलले. ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, उद्या सकाळी नऊला इस्पितळात ये, मी अध्यक्षांच्या दाराशी असेन.

सोमवारी ती खरंच तिथे उभी होती, वही छातीशी धरून. आम्ही दोघं तिच्यापासून जरा लांबच उभे राहिलो. अध्यक्ष आले. तिने आपली चूक सांगितली, काही न लपवता. ते चिडले, पण चुकीवर नाही, तर बैठकीतलं बोलणं तिने बाहेर सांगितलं यावर. हे गोपनीय असतं, हे तुम्हाला नव्याने सांगायचं का, आणि नातेवाइकांसाठी नियम मोडता, वगैरे. आत्या ऐकत राहिली. मग म्हणाली, "ती माझी भाची नसती तरी ओळ चुकीचीच होती, साहेब. सही तुमची आहे."

अध्यक्षांनी कागद हातात घेतला आणि बहुधा पहिल्यांदाच वाचला. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढून मला बसायला सांगितलं.

मंगळवारी सोनोग्राफी झाली. पाणी जवळजवळ संपलं होतं. बुधवारी आम्हाला बैठकीत बसू दिलं. तिथल्या कुणालाही आठवेना की याआधी आईबाप त्या खोलीत कधी आले होते. डॉक्टर जरा अवघडले. एकमेकांवर ओरडता येईना, तेव्हा आमच्याकडे बघून बोलू लागले. जे आत्याने वाचून दाखवलं होतं तेच पुन्हा, फक्त आता जास्त वाईट. सुईवाल्यांना घाई हवी होती. थांबावाले आता थांबा म्हणत नव्हते, पण नळीवर त्यांचा विश्वासही नव्हता. गाळणीबाई माझा हात धरून म्हणाल्या की मी तुम्हाला घाबरवत नाही, पण पुढच्या दहा वर्षांचं बोलणारी या टेबलावर मी एकटीच आहे. काचपेटीवाल्यांनी फक्त एवढं म्हटलं की मला फुप्फुसं हवीत. नवऱ्याने त्यांना सरळ विचारलं की तुमच्यातलं बरोबर कोण. चौघांनीही मान खाली घातली. मला वाटतं, त्या दिवशीचं सगळ्यात खरं उत्तर तेच होतं.

मी थकले होते. तीनचार वाक्यांनंतर शब्द कानांवरून घरंगळायला लागले. ज्या ओळीपायी मी आत्याला वाट्टेल ते बोलले होते, तीच ओळ मला हवीशी वाटायला लागली. कुणीतरी सांगावं, असं असं ठरलं, आणि आम्ही घरी जावं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघितलं. माझ्या मनात आलं, ही आता म्हणेल, म्हणजे असं ठरलं, की. लहानपणापासून तिने ते प्रत्येक वेळी म्हटलं होतं. ती मान खाली घालून लिहीत राहिली. अध्यक्ष म्हणाले, "तर मग?" तरीही तिने मान वर केली नाही.

आम्ही बाहेरच्या बोळात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून ठरवलं. नवरा म्हणाला, तू सांग, मी तुझ्याबरोबर आहे. मला ते आवडलं नाही. अशा वेळी बरोबर असण्यापेक्षा त्याने निम्मं ओझं उचलायला हवं होतं. मी म्हटलं, "पाहुणा म्हणून हाक मारून झालीय. आता दारातून परत पाठवायला मला जमणार नाही." तेवढंच ठरलं. त्याला निर्णय म्हणतात की नाही मला माहीत नाही.

लघवीचे आकडे दोनदा आले. फार चांगले नाहीत, फार वाईटही नाहीत, आणि त्या आकड्यांवरही सुईवाल्यांचं आणि गाळणीबाईंचं एकमत नव्हतंच. पुढच्या सोमवारी नळी बसली. दोन्ही टोकांना वळलेली, शेवयीएवढी नळी. पाणी वाढलं. पाच आठवड्यांनी ती सरकली, जसं थांबावाल्यांनी सांगितलं होतं. दुसरी बसवायची की नाही यावर पुन्हा मतं, पुन्हा बोळ, पुन्हा ती पाण्याची टाकी. दुसरी बसवली. आठव्या महिन्यात बाळ झालं. रडलं नाही. अकरा दिवस काचेच्या पेटीत होतं आणि बाराव्या दिवशी काचपेटीवाले स्वतः मला सांगायला आले की फुप्फुसं लहान आहेत, पण आहेत. थांबावाल्यांनी मग तो पडदा काढला, अगदी थोड्या वेळात. एवढ्याशा पडद्यासाठी एवढं सगळं. मूत्रपिंडांपैकी एक सुकलेलं होतं. दुसरं अर्धं काम करत होतं.

त्या सगळ्या काळात मी आत्याशी बोलले नाही. ती रोज साडेपाचला काम संपवून वर यायची आणि नवजात विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसायची. कुणी आत बोलावलं तर जायची, नाही बोलावलं तर सहाला उठून घरी जायची. नवरा तिच्याशी दोन शब्द बोलायचा. मी समोरून जायचे तेव्हा ती माझ्या पायांकडे बघायची. अबोला ठरवून सुटला नाही. बाळाला घरी न्यायचं त्या दिवशी पिशव्या जास्त झाल्या आणि मी न बघता एक तिच्या हातात दिली.

यानंतर आत्याने इस्पितळात जे केलं ते मी तिच्याकडून नाही, गाळणीबाईंकडून ऐकलं. तिने त्या कागदाची शेवटची चौकट मोठी करून मागितली. छापील कागद बदलायचा म्हणजे मंजुरी हवी. मंजुरीला दोन वर्षं लागली आणि आत्याच्या नाकी नऊ आले. तोवर ती प्रत्येक कागदाला दुसरा कागद टाचणीने जोडत राहिली. कोण काय म्हणालं, थोडक्यात, साध्या भाषेत. खाली एक वाक्य की हे तुम्हाला न कळल्यास बुधवारी येऊन विचारा. अध्यक्षांनी दोनदा टाचण्या काढायला लावल्या. तिने दोनदा पुन्हा लावल्या. लोक खरंच येऊन विचारायला लागले तेव्हा बैठक दोनपर्यंत लांबायला लागली आणि डॉक्टरांचं जेवण मागे पडलं. त्यावर मात्र त्यांचं लगेच एकमत झालं म्हणे.

मुलगा आता सहा वर्षांचा आहे. सगळे त्याला अजून पाहुणाच म्हणतात. त्याच्या रक्तातला एक आकडा दरवर्षी थोडा वर सरकतो. गाळणीबाई म्हणतात, दहाव्या वर्षाच्या आसपास मूत्रपिंड बदलावं लागेल. सुईवाले म्हणतात, त्याला पळताना बघा. तो पळतो, जरा धापा टाकतो, पण पळतो. आमच्या घरात घड्याळ लावून लघवीला जायचं असतं, दर दोन तासांनी, आणि ती मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहायची असते. मी या सगळ्याला कंटाळलेय. त्याच्यावर जीव आहे आणि कंटाळलेय, दोन्ही खरं आहे. दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलताना मी दिवसभर विचारत असते, हे नीट दिसतं का हे, आणि घरी आल्यावर कुणी मला काही विचारलं की अंगावर काटा येतो.

मागच्या महिन्यात आत्या निवृत्त झाली. निरोप समारंभ नको म्हणाली आणि दुपारीच आमच्याकडे आली. पिशवी खुंटीला लावली, पाणी प्यायली, आणि वही काढली. शेवटची वही, निम्मी कोरी. म्हणाली की गेल्या आठवड्यात तिने टेबलावरच्या सगळ्यांना एकेकट्याला गाठून एकच प्रश्न विचारला. त्या बुधवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत जो आठवडा गेला, माझ्या ओळीमुळे गेला, त्याने मुलाचं मूत्रपिंड गेलं का. खरं काय ते सांगा, माझी दया करू नका, असंही सांगितलं.

तिने वाचून दाखवलं. सुईवाले म्हणाले, काही भाग गेला असेल, आठवडा म्हणजे कमी नाही. थांबावाले म्हणाले, काही फरक पडला नाही, लवकर बसवलेली नळी लवकर सरकली असती. गाळणीबाई म्हणाल्या, ते मूत्रपिंड चौथ्या महिन्यातच बिघडलेलं होतं, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. काचपेटीवाले म्हणाले, फुप्फुसं वेळेत मिळाली, मी बाकीचं मोजत नाही. अध्यक्ष म्हणाले, हा प्रश्नच विचारू नये.

मग तिने वही माझ्याकडे वळवली. मला ते लिखाण वाचता येत नाही, पण पाच ओळींच्या खाली एक जागा कोरी सोडलेली होती, ती दिसली. ती म्हणाली, "तुझं मत राहिलंय."

सहा वर्षांत आम्ही यावर एकदाही बोललो नव्हतो. मी म्हटलं, "माझी दोन आहेत."

"दोन्ही सांग."

मी सांगितलं. त्याच्या रक्ताचा आकडा येतो त्या सकाळी मला वाटतं की तो आठवडा तुझ्यामुळे गेला, आणि मी तुला माफ केलेलं नाही. आणि दुसऱ्या कुठल्या तरी सकाळी वाटतं, पहिल्याच बुधवारी मला त्या सगळ्यांचं बोलणं ऐकावं लागलं असतं तर मी घाबरून तिथल्या तिथे नको म्हटलं असतं. एक बाळ गेलेलं होतं, मला पुन्हा ते सोसायची ताकद नव्हती. तुझ्या त्या खोट्या ओळीने मला चार दिवस आनंद दिला. त्या चार दिवसांत खोलीला रंग लागला, बाळाला हाक मारून झाली. म्हणून तो आज आहे. हे दोन्ही मला वाटतं, आत्या, आणि यातलं एक खोडता येत नाही.

ती लिहीत होती. माझं बोलणं संपल्यावर मी वाट बघत राहिले. आयुष्यभराची सवय, माझीही. म्हणजे असं ठरलं, की. तिने या वेळीही ते म्हटलं नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी पानावर पडलं आणि तिने ते बोटाने टिपून घेतलं.

तेवढ्यात न्हाणीघरातून पाहुण्याची आरोळी आली, "आत्याआजी, दीडशे!" दोन तासांची त्याची कमाई. तो ती गावभर सांगतो.

आत्याने वही बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि भांड्यातलं माप डोळ्यांसमोर धरून नीट बघितलं. "एकशे चाळीस," ती म्हणाली. तो म्हणाला दीडशे. ती म्हणाली एकशे चाळीस. मग भिंतीवर टांगलेली आमची वही तिने काढली आणि दोन्ही आकडे लिहिले.